ग्रोथ ईटीएफ : एनएव्ही एक, बाजारातला भाव भलताच

सह्यवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ओळखीतल्या बऱ्याच तरुण मुलामुलींच्या डीमॅट खात्यात हल्ली नॅसडॅक १०० चं ईटीएफ (अमेरिकी बाजारातल्या शंभरेक बड्या कंपन्यांचा, शेअरसारखा विकता-घेता येणारा फंड) दिसतं. कुणी पगार झाला की थोडी युनिटं घेतं, कुणी बोनस आला की एकरकमी टाकतं. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया, ॲमेझॉन यांच्यात घरबसल्या, रुपयांत, साध्या डीमॅट खात्यातून भागीदार होता येतं ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. मार्च २०११ मध्ये मोतीलाल ओसवालचं ईटीएफ आलं तेव्हा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. आज तो जवळपास दुपटीवर आहे. म्हणजे कंपन्यांची वाढ मिळालीच, वर रुपयाच्या घसरणीचाही फायदा मिळाला. त्यामुळे ही मुलं इकडे वळली यात मला काही चूक दिसत नाही.

खटकतं ते वेगळंच. "घेतलंस तेव्हा आय-एनएव्ही किती होता?" असं विचारलं की समोरून उत्तरच येत नाही.

एका युनिटमागे फंडाकडे जेवढ्या किमतीचे शेअर आहेत ती त्याची एनएव्ही, आणि बाजार चालू असताना दाखवला जाणारा तिचा अंदाज म्हणजे आय-एनएव्ही. बाजारात दिसतो तो भाव घेणारे आणि विकणारे ठरवतात. एरवी हे दोन आकडे एकमेकांना चिकटून चालतात, कारण मधे मार्केट मेकर बसलेला असतो. भाव एनएव्हीच्या वर गेला की तो फंडाकडून नवी युनिटं घेतो, बाजारात विकतो आणि मधला फरक खिशात घालतो. विक्री वाढली की भाव खाली येतो. निफ्टीच्या ईटीएफमध्ये हे दिवसभर चालू असतं, म्हणून तिथे फरक पैशांत असतो.

परदेशी ईटीएफमध्ये ही साखळी तुटलेली आहे. नवी युनिटं काढायची तर फंडाला अमेरिकेत शेअर घ्यावे लागतात, आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे : सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून ७ अब्ज डॉलर, शिवाय परदेशी ईटीएफमध्ये गुंतवायला वेगळे १ अब्ज. जानेवारी २०२२ मध्ये सात अब्ज भरत आले आणि २ फेब्रुवारी २०२२ पासून बाजार नियामक सेबीने नवी गुंतवणूक थांबवायला लावली. जूनमध्ये थोडी मोकळीक मिळाली, पण १ फेब्रुवारीच्या पातळीच्या वर जायचं नाही या अटीवर. म्हणजे कुणी पैसे काढून घेतले तर तेवढीच जागा. १ एप्रिल २०२४ पासून एक अब्जवाला कोटाही बंद झाला. नवी युनिटं निघेनात, घेणारे मात्र वाढत गेले. त्यामुळे भाव एनएव्हीच्या दोन आकडी टक्के वर गेल्याचे प्रसंग वारंवार आले.

आता हिशेब बघा. एनएव्ही २०० रुपये, बाजारात भाव २२४. तुम्ही १२ टक्के प्रीमियम, म्हणजे एनएव्हीपेक्षा जादा पैसे, मोजून घेतलंत. वर्षभरात निर्देशांक आणि डॉलर मिळून १२ टक्के वाढ झाली, एनएव्ही २२४ झाली. मधल्या काळात मर्यादा वाढली आणि प्रीमियम विरला, तर बाजारातला भाव २२४. एनव्हिडियाने तिकडे हवी तेवढी कमाई केली तरी तुमच्या हातात शून्य. प्रीमियम तुम्ही मोजला तो अमेरिकेतल्या कुठल्याही कंपनीला मिळाला नाही, तुम्हाला युनिट विकणाऱ्याला मिळाला.

फंडाच्या खर्चाचं प्रमाण ०.२ टक्के की ०.५ यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि एका क्लिकमध्ये बारा टक्के देऊन मोकळे होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही हे कसं हाताळता ते लिहा.

---

निशिगंधा

खूप उपयोगी धागा. माझ्याकडे हेच ईटीएफ आहे आणि ब्रोकरच्या ॲपवर आय-एनएव्ही कुठे दिसतच नाही. कुठे बघायचा? आणि किती टक्क्यांपर्यंत चालेल?

---

सह्यवारा

निशिगंधाताई, फंड हाऊसच्या संकेतस्थळावर आणि एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर ईटीएफच्या पानावर मिळतो. दाखवणं सेबीने बंधनकारक केलं आहे.

पण परदेशी ईटीएफच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपला बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन. त्या वेळात न्यूयॉर्क झोपलेलं असतं. मग तो आकडा काल रात्रीच्या बंद भावावर आणि आजच्या डॉलरच्या दरावर बेतलेला असतो. दरम्यान नॅसडॅकचे फ्युचर्स (न्यूयॉर्क बंद असतानाही चालणारे निर्देशांकाचे पुढच्या तारखेचे सौदे) दीड टक्का वर असतील तर दीड टक्क्याचा फरक रास्तच आहे, तो प्रीमियम धरू नका. त्याच्या वरचं जे काही उरेल तो खरा प्रीमियम. मी स्वतः दोन टक्क्यांच्या वर घेत नाही. हा माझा आकडा, नियम नव्हे.

आणि कृपा करून मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची खरेदी) टाकू नका. भावाच्या पाच ओळींची खिडकी उघडून बघा. सव्वानऊला घेणाऱ्याचा भाव २१८.१० आणि विकणाऱ्याचा २२०.९० असं चित्र दिसू शकतं, तेही शे-दोनशे युनिटांसाठी. मोठी मार्केट ऑर्डर वरच्या ओळी खात जाते. लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावापर्यंतचीच खरेदी) लावा, पहिला अर्धा तास जाऊ द्या.

---

खडकवासला

धागा चांगला आहे, पण मला ही भीती जरा अतिच वाटते. दहा टक्के प्रीमियमवर घेतलं आणि विकतानाही दहा टक्के प्रीमियम असला तर फरक काय पडला? शिवाय माझी एसआयपी आहे, कधी जास्त कधी कमी, सरासरी निघते. वीस वर्षांत ग्रोथ (वेगाने वाढणाऱ्या) कंपन्या एवढ्या वाढतील की हा दहा टक्के कुठच्या कुठे जाईल.

---

गोदाकाठ

खडकवासला, तुमचा पहिला मुद्दा गणितात बरोबर आहे. पण प्रीमियम कशाच्या जोरावर आहे ते बघा. कंपन्यांच्या नफ्याच्या नव्हे, एका सरकारी मर्यादेच्या. ती मर्यादा उद्या परिपत्रक काढून वाढवता येते, त्या दिवशी विकणाऱ्यांची रांग लागेल. ज्याची तारीख माहीत नाही अशा परिपत्रकावर मी निवृत्तीचे पैसे लावणार नाही.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्या काळात मी बाजार रोज बघत होतो.

१० मार्च १९९९ ला क्यूक्यूक्यू हे नॅसडॅक १०० चं ईटीएफ अमेरिकेत सुरू झालं. बरोबर एका वर्षाने, १० मार्च २००० ला, नॅसडॅक कंपोझिट (नॅसडॅकवरच्या सगळ्या कंपन्यांचा निर्देशांक) ५०४८ वर बंद झाला, आणि मग घसरण लागली ती ऑक्टोबर २००२ पर्यंत. कंपोझिट ७८ टक्के पडला. नॅसडॅक १०० तर सुमारे ८३ टक्के. शंभराचे सतरा झाले. सतराचे पुन्हा शंभर व्हायला जवळपास सहापट वाढ लागते. ती व्हायला २०१५ साल उजाडलं. मार्च २००० मध्ये ज्याचं मूल पहिलीत होतं त्याचं शिक्षण संपून ते नोकरीला लागेपर्यंत बाप मुद्दलाच्या खाली होता.

आपल्याकडेही तेव्हा आयटीचे सेक्टर फंड धडाधड निघाले होते. इन्फोसिस, विप्रो वाईट कंपन्या होत्या का? मुळीच नाही. इन्फोसिसचा नफा नंतरही वाढतच गेला. लोकांनी मोजलेला भाव तेवढा अवाजवी होता.

---

खडकवासला

काका, पण हे एकरकमीचं झालं. एसआयपीचं काय?

---

गोदाकाठ

मार्च २००० पासून दर महिन्याला नॅसडॅक १०० मध्ये सारखी रक्कम टाकणारा माणूस २००७ अखेर चांगल्या फायद्यात होता. पडत्या बाजारात त्याने भरपूर युनिटं गोळा केली होती. इथवर तुमचं म्हणणं खरं.

पुढचं वर्ष २००८. निर्देशांक पुन्हा निम्म्याहून खाली. आठ वर्षं न चुकता पैसे टाकल्यावर खातं परत तोट्यात. जो तिथेही टाकत राहिला त्याचं पुढे सोनं झालं, याबद्दल दुमत नाही. पण नोकऱ्या जात असताना टाकत राहिलेले किती असतील याचा विचार करा. एसआयपी मनाला धीर देते, भावाची काळजी मात्र घेत नाही. २०२२ मध्ये नॅसडॅक १०० ३३ टक्के पडला तेव्हा किती जणांनी एसआयपी थांबवली ते तुमच्याच मित्रांत विचारून बघा. पुढच्याच वर्षी तो ५० टक्क्यांहून जास्त वाढला.

---

मोगरा

+१ गोदाकाठ काका. वाचतेय.

---

जर्सीकर

इकडे न्यू जर्सीत प्रीमियमचा प्रश्न नाही, दुसराच आहे. इथल्या मराठी मित्रांचे पोर्टफोलिओ बघतो तर व्हीयूजी, क्यूक्यूक्यू, एससीएचजी आणि वर एक टेक्नॉलॉजी सेक्टरचं, अशी चार-चार ईटीएफ. त्यांना वाटतं पैसे चार ठिकाणी विभागलेत. आतली यादी उघडली की चारही ठिकाणी वरची नावं तीच : एनव्हिडिया, ॲपल, मायक्रोसॉफ्ट. व्हीयूजीमध्ये दीडशेच्या आसपास कंपन्या आहेत, पण वरच्या तिघीच मिळून जवळपास एक तृतीयांश. यातलं एकच ठेवलं तरी भागतं. एखादं स्वस्त निवडा आणि बाकीच्या पैशांत संपूर्ण बाजाराचं किंवा अमेरिकेबाहेरचं घ्या.

आणखी एक. क्यूक्यूक्यूला सगळे ग्रोथ म्हणतात, पण नॅसडॅक १०० चा निकष ग्रोथ हा नाहीच. नॅसडॅकवर नोंदलेल्या, वित्तक्षेत्राबाहेरच्या सगळ्यांत मोठ्या शंभरेक कंपन्या, एवढाच. म्हणून त्यात पेप्सी आणि कॉस्टको आहेत, आणि व्हिसा, मास्टरकार्ड, एली लिली नाहीत, कारण त्या न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर आहेत. व्हीयूजीचा निर्देशांक खरोखर विक्री, नफा यांची वाढ मोजून कंपन्या निवडतो. माझ्या मते ज्याला "ग्रोथ" हवं त्याने ते घ्यावं.

एआरकेके हे इथलं ग्रोथ ईटीएफ लोक विसरले असतील. २०२० मध्ये दीडशे टक्के वाढलं, मग पैशांचा लोंढा आला, आणि २०२२ च्या एका वर्षात ६७ टक्के पडलं. पैसा वर असताना आला, म्हणून फंडाचा परतावा आणि लोकांच्या हातात पडलेला परतावा यांत जमीन-अस्मानाचा फरक.

अवांतर : अमेरिकेत कर भरणाऱ्यांनी भारतातली म्युच्युअल फंड, ईटीएफ घेताना शंभरदा विचार करावा. ती इथे पीएफआयसी (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) धरली जातात, दरवर्षी फॉर्म ८६२१ आणि कर अतिशय जाचक. आईबाबांनी प्रेमाने काढून ठेवलेली एसआयपीसुद्धा त्यात येते.

---

पूर्णविराम

सगळी चर्चा अमेरिकेवरच चाललीय. भारतातल्या ग्रोथबद्दल कुणी लिहील का? मी निफ्टी २०० मोमेंटम ३० आणि ज्युनियर बीज (निफ्टी नेक्स्ट ५० चं ईटीएफ) घेतोय.

---

सह्यवारा

पूर्णविराम, चांगला प्रश्न. मोमेंटम आणि ग्रोथ वेगळे. मोमेंटम ३० मध्ये गेल्या सहा आणि बारा महिन्यांत, चढउतार लक्षात घेऊन, ज्यांचा भाव जास्त वाढला ते तीस शेअर येतात. नफा वाढला की नाही हे तो विचारत नाही. जून आणि डिसेंबरमध्ये यादी बदलते. तेजीत जोरात पळतो, वारं फिरलं की यादी बदलेपर्यंत जुन्याच शेअरांत अडकून राहतो. सप्टेंबर २०२४ च्या शिखरापासून निफ्टी सतरा टक्क्यांच्या आसपास पडली, मोमेंटम ३० तीस टक्क्यांहून जास्त. हे झेपत असेल तर ठेवा, पण गाभा म्हणून नको.

ज्युनियर बीज मला आवडतं. २००३ पासून आहे, निफ्टीत जाण्याच्या वाटेवरच्या पन्नास कंपन्या, आणि भारतातले शेअर असल्याने नवी युनिटं काढायला आडकाठी नाही. भाव एनएव्हीला धरून असतो.

वाढीच्या नावाखाली कुठल्याही देशाचं घेऊ नका हेही सांगतो. हँगसेंग टेकचं (हाँगकाँगच्या बाजारातल्या चिनी टेक कंपन्यांचा निर्देशांक) ईटीएफ आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये आलं. तो निर्देशांक फेब्रुवारी २०२१ च्या शिखरापासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत सत्तर टक्क्यांहून जास्त पडला. अलीबाबा, टेन्सेंट यांच्यावर चीन सरकारनेच निर्बंध आणले होते. कंपनी वाढतेय म्हणून तिचा मालक सुखात असेलच असं नाही.

---

कोकणकन्या

प्रीमियम टाळायला मी एलआरएसने (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) थेट अमेरिकेत पैसे पाठवते. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आपल्यासारख्यांना ती पुरून उरते. १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो, विवरणपत्रात वळता होतो. भाव अगदी एनएव्हीला चिकटून मिळतो.

---

मोगरा

कोकणकन्या, तुमचा मार्ग योग्य आहे, फक्त दोन गोष्टी घरच्यांना सांगून ठेवा. मी करसल्लागार म्हणून काम करते, आणि या दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पहिली, शेड्यूल एफए. परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवायची, नफा झालेला असो वा नसो, आणि माहिती कॅलेंडर वर्षाची द्यायची, एप्रिल-मार्चची नाही.

दुसरी जास्त गंभीर. अमेरिकेत नोंदलेली ईटीएफ ही त्यांच्या दृष्टीने अमेरिकेतली मालमत्ता. तिथला रहिवासी नसलेला माणूस वारला तर ६० हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर त्यांचा इस्टेट टॅक्स लागतो, दर ४० टक्क्यांपर्यंत. भारत आणि अमेरिकेत यासाठी वेगळा करार नाही. रक्कम वाढत असेल तर आयर्लंडमध्ये नोंदलेली नॅसडॅक १०० किंवा एस अँड पी ५०० ची ईटीएफ लंडनच्या बाजारात मिळतात, त्यांना हा कर लागत नाही. लाभांशावरही फरक पडतो : अमेरिकेत थेट घेतल्यास आपल्याला २५ टक्के कापून मिळतात, आयर्लंडच्या फंडाला १५.

भारतातल्या नॅसडॅक ईटीएफच्या कराबद्दलही गोंधळ दिसतो, म्हणून लिहिते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या विक्रीवर : बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं तर १२.५ टक्के, त्याआधी विकलं तर तुमच्या स्लॅबने. सवा लाखाची सूट भारतीय शेअरवाल्या फंडांना आहे, ती इथे धरू नका. एक्स्चेंजवर न नोंदलेला इंडेक्स फंड किंवा फंड ऑफ फंड (दुसऱ्या फंडात पैसे ठेवणारा फंड) असेल तर बाराऐवजी चोवीस महिने.

---

कोकणकन्या

इस्टेट टॅक्सचं मला अजिबात ठाऊक नव्हतं. आयर्लंडचा पर्याय आजच बघते. मनापासून आभार मोगराताई.

---

निशिगंधा

सह्यवारा, पुन्हा मीच. आज दुपारी दोन वाजता तुम्ही सांगितलं तसं केलं. आय-एनएव्ही, बाजारभाव आणि फ्युचर्स तिन्ही मांडले. फ्युचर्स वजा करूनही नऊ टक्क्यांच्या वर प्रीमियम निघाला. आज घेतलं नाही. पण मग आधीपासून जे आहे त्याचं काय करायचं? विकायचं का?

---

सह्यवारा

ताई, तुमच्याकडे युनिटं आहेत म्हणजे आज प्रीमियम तुमच्या बाजूने आहे. शंभर रुपयांच्या शेअरांना कुणीतरी एकशे नऊ द्यायला तयार आहे. नॅसडॅकमध्येच राहायचं असेल तर सरळ विचार असा : ईटीएफ बाजारात विकायचं आणि तेवढ्याच रकमेचा नॅसडॅक १०० चा इंडेक्स फंड घ्यायचा. तो फंड हाऊसकडून थेट एनएव्हीने मिळतो, तिथे प्रीमियम नसतो. त्याच पैशांत तुमच्याकडे नऊ टक्के जास्त शेअर येतात.

अडचणी दोन. एक कर : मोगराताईंनी लिहिलेला १२.५ टक्के नफ्यावर लागेल, आणि नव्या फंडात चोवीस महिन्यांची मोजणी नव्याने सुरू होईल. तुमचा नफा खूप मोठा असेल तर करातच प्रीमियम जाईल, तेव्हा आकडे मांडून बघा. समजा खरेदी १५० ची, आज भाव २१८, एनएव्ही २००. नफा ६८, कर साडेआठ रुपये. प्रीमियम १८ रुपये. साडेनऊ रुपये तुमच्या बाजूने उरतात. खरेदी ६० ची असेल तर कर पावणेवीस रुपये, म्हणजे प्रीमियमपेक्षा जास्त. एनएव्हीने बदली करून तिथे फायदा नाही. अर्थात तो कर कधी ना कधी भरायचाच आहे, पण आज भरायचा की वीस वर्षांनी, यात फरक आहेच.

दुसरी, जागा. हे फंडही त्याच सात अब्जांखाली येतात. त्यामुळे कधी खरेदी उघडी असते, कधी बंद, कधी एका पॅनवर ठरावीक रकमेपुरतीच. विकण्याच्या आदल्या दिवशी फंड हाऊसचं ताजं सूचनापत्र वाचा आणि आधी लहान रक्कम टाकून व्यवहार होतोय का ते बघा. मग टप्प्याटप्प्याने विका. एकाच दिवशी सगळं विकलंत आणि पलीकडे खरेदी बंद निघाली तर पैसे बँकेत पडून राहतील.

---

निशिगंधा

माझी खरेदी बरीचशी १७० च्या वरची आहे, म्हणजे हिशेब माझ्या बाजूने बसतो. दोन फंडांची सूचनापत्रं उतरवून घेतली. एकात खरेदी बंद आहे, दुसऱ्यात सुरू आहे पण रोजची मर्यादा घातली आहे. तेवढ्याच रकमेने सोमवारी सुरुवात करते.